ग्रेपनेट: युरोपला द्राक्ष पाठवणाऱ्या सांगलीच्या बागायतदाराला किती आधार?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातून युरोपला द्राक्ष पाठवायचं तर अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर बागेची नोंद लागते. २००६ पासूनची ही सेवा अनेकांना कागदी कटकट वाटते. माझ्या मते आपला माल स्वच्छ असल्याचा याहून भक्कम पुरावा बागायतदाराच्या हातात दुसरा नाही.

पुरावा किती लागतो, हे बीफच्या वादात दिसलं. संप्रेरकं देऊन वाढवलेल्या जनावरांचं मांस युरोपने १९८९ पासून बंद केलं. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली. बंदीला जोखमीच्या शास्त्रीय अभ्यासाचा आधार नाही, असा निकाल १९९८ मध्ये लागला, तरी युरोपने बंदी उठवली नाही. मग १९९९ मध्ये अमेरिकेने ११.६८ कोटी डॉलरच्या युरोपीय मालावर १०० टक्के आयातशुल्क लावलं. त्यात फ्रान्सचं रोकफोर चीजही सापडलं. मेंढीच्या दुधाचं चीज करणाऱ्यांचा त्या मांसाशी काडीचा संबंध नव्हता, भुर्दंड मात्र त्यांना बसला. सरकारांचं भांडण आपल्या हातात नाही. आपल्या मालाच्या नोंदी मात्र आहेत.

नोंदणी दर हंगामाला कृषी विभागाकडे, प्लॉटनिहाय होते. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. आपण तोडून पाठवलेला घड चालत नाही. रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, मर्यादेबाहेर निघाला, तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा त्या प्लॉटवर अलर्ट लावते आणि माल इथेच थांबतो. कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात अडण्यापेक्षा हे शतपटीने बरं, कारण इथे स्थानिक बाजार किंवा बेदाणा हा मार्ग उरतो.

या पद्धतीची खरी परीक्षा २०१० मध्ये झाली, आणि त्यात ती कमी पडली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी, तेव्हा तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि तिथे माल नाकारला गेला. शेंडावाढ रोखायला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दिलेलं हे संजीवक वेलीत साठून राहतं आणि पुढे फळात उतरतं. एकाच वेळी शेकडो औषधं शोधणाऱ्या चाचणीत ते दिसत नाही, वेगळी चाचणी करावी लागते. फळ छाटणीनंतर कितीही जपलं, तरी एप्रिलची चूक पुसली जात नाही.

प्लॉट नापास होण्याची बाकीची कारणं साधी असतात. काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर, पाळलेला नसतो, लेबलवर न लिहिलेलं औषध मिसळलेलं निघतं, शेजारच्या बागेची फवारणी वाऱ्याने आलेली असते किंवा नमुना दिल्यावर भुरी रोगासाठी पुन्हा फवारणीचा पंप चाललेला असतो. शेवटचं सगळ्यात घातक, कारण अहवाल पास असतो आणि माल नापास. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो.

आणखी एक उणीव आहे, आणि ती मोठी. नोंदणी आणि तपासणी बहुतेक वेळा निर्यातदारामार्फत होते, त्यामुळे इंग्रजीतला अहवाल बागायतदारापर्यंत पोचतच नाही. दर ठरवताना अहवालाची प्रत मागून घ्या, त्यावरचा नोंदणी क्रमांक आपल्याच प्लॉटचा आहे ना ते बघा आणि फवारणीच्या वहीत औषध, प्रमाण, तारीख त्याच दिवशी लिहा.