ओरांगउटान की रालस्टोनिया: संशोधनाला कोणता विषय घ्याल?

एकीकडे सुमात्रातला तापानुली ओरांगउटान हा झाडांवर राहणारा मोठा वानर, दुसरीकडे टोमॅटो-बटाट्याला मर रोग आणणारा रालस्टोनिया सोलानेसिएरम हा जिवाणू. पहिल्याचं नाव काढलंत की लोक कौतुकाने ऐकतात, दुसऱ्याचं काढलंत की विषय बदलतात. ते सोडा. आधी स्वतःचा धीर किती ते बघा.

तापानुलीला वेगळी प्रजाती म्हणून २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बातांग तोरूच्या जंगलात मिळून ८०० सुद्धा उरलेले नाहीत. ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं, त्यामुळे अख्ख्या पीएचडीत एकही जन्म बघायला मिळेलच असं नाही. मोजणीसुद्धा बहुतेक वेळा प्राण्यांची नसते, घरट्यांची असते. ओरांगउटान जवळजवळ रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करतो. आपण खालून ती मोजायची आणि एक घरटं मोडायला किती दिवस लागतात त्यावरून संख्या काढायची. हे दिवस जंगलागणिक बदलतात. तिथे चूक झाली की सगळा आकडा कोलमडतो. शिवाय आपली सर्दी त्याला लागू शकते, म्हणून लांबूनच बघायचं.

रालस्टोनियाचं तसं नाही. जिवाणू पेरलेली प्रयोगशाळेतली ताटली २८ अंशांवर ठेवली की दोन दिवसांत वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, दिसतात. वनस्पतिरोगतज्ज्ञ केल्मन यांच्या १९५४ च्या माध्यमावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) रोगकारक वसाहत पांढरी, ओघळती, मध्ये गुलाबी येते. रोग करायची ताकद गमावलेली मात्र लहान, गोल, गडद लाल. ही ताकद प्रयोगशाळेत आपोआप जाते, हीच खरी डोकेदुखी. पुन्हा पुन्हा नव्या ताटलीवर वाढवत राहिलात तर एक दिवस निरुपद्रवी जिवाणू हातात उरतो. म्हणून मूळ नमुना निर्जंतुक पाण्यात जपतात. पण फसलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. जंगलात हुकलेला दिवस हुकलाच. वापरलेली प्रत्येक ताटली मात्र ऑटोक्लेव्हमधूनच (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातूनच) बाहेर जायला हवी, त्यात हयगय नको.

माझा कल विचाराल तर पहिल्या संशोधनाला जिवाणू बरा. ओरांगउटान घ्यायचाच असेल तर आधीच वर्षानुवर्षं नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या केंद्राच्या कामात सामील व्हा, एकट्याने शून्यापासून सुरुवात नको.

तरी ठरत नसेल तर दोन गोष्टी करून बघा. मर लागलेल्या टोमॅटोचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा; काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे खाली सुटतात, ते जिवाणूच. मग एक दिवस उजाडल्यापासून अंधारापर्यंत एकाच पक्ष्याच्या घरट्याखाली वही घेऊन बसा, दर पाच मिनिटांनी नोंद करा. दुपारी दोननंतरच्या नोंदी कशा उतरल्यात, ते रात्री वाचा.