एए मीटिंग : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव, एका बाईचा

गेल्या नोव्हेंबरात ठाण्यापलीकडच्या एका उपनगरात मी पहिल्यांदा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला गेले. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे एकमेकांना आपली हकिकत सांगतात. पालिकेच्या शाळेतला वर्ग, संध्याकाळचे सात. दारात उभ्या असलेल्या काकांनी फार आपुलकीनं सांगितलं, "ताई, घरच्यांची मीटिंग पलीकडच्या वर्गात आहे." मी मुकाट्यानं पलीकडे गेले आणि दीड तास अल-अनॉनमध्ये, म्हणजे पिणाऱ्यांच्या बायका-आयांमध्ये, बसून राहिले. त्या एकमेकींना धीर देत होत्या. माझा नवरा दारूला शिवत नाही. पिते ती मी. ते तोंडातून निघालंच नाही. त्या रात्रीही घरी येऊन प्याले.

काकांचा राग नाही. पिणाऱ्याच्या बायकोला आपल्याकडे सहानुभूती तरी मिळते, पिणाऱ्या बाईला शिवीशिवाय शब्द नाही. म्हणून 'मद्यपाशी', म्हणजे दारूच्या पाशात अडकलेली व्यक्ती, हा एएतला शब्द मला पहिल्यापासून जवळचा वाटला. बाई-पुरुष दोघांना तो सारखाच लागतो. 'दारुडी' म्हणून मी कधीच उभी राहू शकले नसते.

पुढची मीटिंग शोधण्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात सगळं बंद केलं तर हातापायांना कंप सुटतो, झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. मी आधी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दिलेल्या गोळ्यांवर पहिले दिवस काढले. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही आणि एए तसा दावाही करत नाही. दाखल व्हायची वेळ आली तर पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १९८६ पासून ते काम चालू आहे. पण तिथे बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर दोन महिन्यांत मी पाच ठिकाणं पालथी घातली. एएच्या संकेतस्थळावर शहराप्रमाणे यादी मिळते, पण निघण्यापूर्वी फोन करा. एकदा मी दोन रिक्षा बदलून पोचले तर शाळेच्या फाटकाला कुलूप, आत परीक्षेची तयारी चालली होती. अशा संध्याकाळी परतीच्या वाटेवर वाईन शॉप उघडंच असतं. यादीत 'ओपन' लिहिलेलं असेल तर घरचं माणूसही सोबत बसू शकतं, 'क्लोज्ड' म्हणजे ज्यांना दारूचा त्रास आहे तेवढेच. माझ्यासारखीला क्लोज्डच बरी. ओपनमध्ये ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीनं मी तोंडच उघडत नव्हते.

चर्चच्या हॉलमधला इंग्रजी ग्रुप शिस्तशीर होता, माणसंही प्रेमळ. पण बोलायला उभी राहिले की मी ऑफिसात बोलते तशी बोलायला लागायचे. सासूबाईंपासून लपवून स्टीलच्या बाटलीत ओतलेली व्होडका, मुलीनं चुकून पाणी समजून तोंडाला लावलेली तीच बाटली, हे मला इंग्रजीत सांगता येत नाही. मराठी ग्रुपमध्ये ते तिसऱ्याच आठवड्यात बाहेर पडलं. कुणी सल्ला दिला नाही, कुणी च्-च् केलं नाही. पुढच्या बाकावरचे एक रिक्षावाले दादा उठून स्वतःच्या मुलाबद्दल बोलले, एवढंच.

एएची सुरुवातच अशी झालेली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी, धंद्यात अपयश आलेला बिल नावाचा माणूस पुन्हा पिण्याच्या काठावर होता, तेव्हा त्यानं दुसरा पिणारा माणूस शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब. उपदेश कुणी कुणाला केला नाही, दोघं आपापली हकिकत बोलले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मीटिंगला मार्टी मॅन ही पिणारी बाई आली तेव्हा तिथेही पिणारे बहुतेक पुरुषच होते. तिच्याबद्दल वाचलं त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

माझी निवड शेवटी वेळेवर ठरली. मी प्यायचे ती साडेसातला, लोकलमधून उतरून कुकर लावता लावता. म्हणून सात ते साडेआठची, स्टेशनपासून चालत गाठता येईल अशीच मीटिंग हवी होती. रविवारी सकाळचा ग्रुप कितीही चांगला असला तरी माझ्या साडेसातला तो उपयोगाचा नाही. आता मंगळवार-गुरुवार शाळेतला वर्ग (बाकं चौथीच्या मुलांची, गुडघे अडकतात), आणि शनिवारी ऑनलाइन फक्त बायकांची मीटिंग. माझी स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेली आणि आता मला वाट दाखवणारी सोबतीण, तिथेच भेटली. बाईची स्पॉन्सर बाईच असावी हा संकेत मला अगदी पटतो. नवऱ्याबद्दल, पाळीच्या दिवसांतल्या तलफेबद्दल मी कुठल्या काकांशी बोलणार होते?

पैसे लागत नाहीत. नावनोंदणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी थैली फिरते, वाटलं तर टाका. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांमधल्या ईश्वराशी माझं अजून पूर्ण जमलेलं नाही, माहेरी कुणी देव मानत नव्हतं. 'आपल्याला समजलेला ईश्वर' म्हणतात, त्या जागी मी तूर्त तो वर्गच धरते.

नऊ महिने जातेय, पण दारू सुटून साडेसात महिने झालेत. एकतीस डिसेंबरला स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्याले. दोन जानेवारीला परत गेले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी तोंड फिरवील. पहिल्या दिवशी दारात भेटलेल्या त्याच काकांनी चहाचा कप हातात दिला आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लावलं. गटारीच्या संध्याकाळी ग्रुपनं जादा मीटिंग ठेवली, साडेनऊपर्यंत कुणी उठलं नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यातली कुणी बाई हे वाचत असेल तर दहा मिनिटं आधी पोचा आणि दारातच सांगा, "मी माझ्यासाठी आलेय." पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, "आज ऐकते" म्हटलं तरी चालतं.