खिशातला वायुवेगमापक: सड्यावरच्या एका हंगामानंतर

गेल्या पावसाळ्यानंतर मी हातात धरून वापरायचा एक छोटा वायुवेगमापक मागवला आणि ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत गोव्यातल्या बार्देशातील एका सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, रेंजवर .२२ रायफलीच्या सरावात तो नियमित वापरला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या तक्रारी फिरत्या पंख्याच्या बहुतेक छोट्या मापकांना लागू पडतील अशाच आहेत, आणि असे यंत्र नेमबाजाने घ्यावे की नाही हाच माझ्या लेखी खरा प्रश्न आहे.

यंत्र म्हणून ते नीट बनवलेले आहे. मुठीत मावते, वेग मीटर प्रति सेकंदात दाखवते, शिवाय ठरावीक वेळेतला सरासरी आणि कमाल वेगही जपून ठेवते. खरा उपयोग होतो तो या सरासरीचाच, कारण क्षणाक्षणाला उड्या मारणाऱ्या आकड्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. पंख्याचे तोंड वाऱ्याच्या रोखाने धरले नाही तर आकडा कमी येतो, आणि स्वतःच्या अंगाच्या आडोशाला धरले तर आणखी कमी. पहिल्या दोन आठवड्यांतल्या माझ्या वहीतल्या नोंदी याच कारणाने फुकट गेल्या. अकराच्या उन्हात पडदा वाचायला टोपीची सावली धरावी लागते. खाऱ्या हवेने पंख्याचा आस फेब्रुवारीतच कुरकुरू लागला. माझ्या यंत्राचा पंखा सुटा बदलता येतो म्हणून निभावले. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी एवढे तरी विचारून घ्यावे.

वारा मोजायचा कशासाठी, हे आकड्यांतच सांगितलेले बरे. ५० मीटरवर .२२ची गोळी साधारण सेकंदाच्या सहाव्या भागात पोचते, तरी सेकंदाला साडेचार मीटर वेगाचा आडवा वारा तिला अडीच ते तीन सेंटिमीटर ढकलतो. निशाण्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असल्याने तेवढ्यात दहाचे सात-आठ होतात. हजार यार्डांच्या, म्हणजे ९१४ मीटरच्या बेंचरेस्टमध्ये (टेबलावर टेकवलेल्या रायफलीने गोळ्या शक्य तितक्या जवळजवळ मारण्याच्या स्पर्धेत), ज्याचा पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्टचा क्लब १९६७ सालापासूनचा आहे, सहा मिलिमीटरची गोळी सुमारे दीड सेकंद हवेत असते. हवेचा अडथळाच नसता तर ती जेमतेम एका सेकंदात पोचली असती. हवेने लावलेल्या या उशिराला, जो अर्ध्या सेकंदाला थोडा कमी भरतो, आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की गोळी किती सरकेल ते कळते, आणि तोच साडेचार मीटरचा वारा तिला जवळजवळ दोन मीटर बाजूला नेतो. वाऱ्यातला सेकंदाला एका मीटरचा फरक नजरेतून सुटला तर चाळीस सेंटिमीटरच्या वर चूक होते, आणि एवढा फरक गालाला कळतही नाही.

यंत्राची मर्यादा इथेच उघडी पडते, कारण ते फक्त माझ्या कोपराजवळचा वारा सांगते. सड्यावर सकाळचा मतलई वारा विरला की थोडा वेळ सगळे स्तब्ध असते आणि मग पश्चिमेकडून खारा वारा चढू लागतो. तो उजवीकडच्या मातीच्या बांधावर आणि काजूच्या झाडांवर आपटून असा वळसा घेतो की यंत्रावर उजवीकडून तीन मीटरचा आकडा असताना तीस मीटरवर वारा दाखवायला काठीला बांधलेली फीत खाली लोंबत असते, कधी उलटी फडफडते. नळीजवळ मिळालेला कोन गोळीला शेवटपर्यंत भोवतो, म्हणून जवळचा वारा अधिक मोलाचा हे खरे, पण तेवढ्यावर पुढचा सगळा पल्ला सोडून देता येत नाही. (आमच्यातले काही जण माडांच्या झावळ्या पाहून अंदाज बांधतात. शेंड्यावरचा तो वारा आपल्या गोळीला लागतच नाही.) शिवाय उजव्या पिळाच्या, म्हणजे गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या खाचांच्या, नळीतून सुटलेली गोळी उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. घड्याळाच्या दहा आणि चार यांना जोडणारी ही तिरकी रेघ कार्डावर, म्हणजे निशाण्याच्या कागदावर, ओळखू येऊ लागली, की वाऱ्याबद्दल पडद्यापेक्षा कार्ड जास्त सांगते.

सर्वांत मोठा तोटा वेळेचा आहे, आणि तो मला एका सराव स्पर्धेत कळला. साइटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या, मारून वारा जुळवला, मग नोंदीच्या (गुणांत धरल्या जाणाऱ्या) पाच गोळ्यांपैकी दर गोळीआधी आकडा पाहत बसलो. मान खाली जाऊन वर येईपर्यंत फीत वळलेली असे. तिसरी आणि चौथी गोळी अशीच भलतीकडे गेली, आणि दोष अर्थात माझाच होता. जवळच्या पल्ल्याच्या बेंचरेस्टमध्ये पाच गोळ्यांना सात मिनिटे असतात, तेव्हा थांबून हवा तोच वारा परत येण्याची वाट पाहता येते. हजार यार्डांवर नोंदीच्या गोळ्या कुठे लागल्या हे मारताना दिसत नाही, म्हणून बरेच जण साइटरवर वाऱ्याची एक स्थिती पकडतात आणि ती टिकून असेपर्यंत, अर्ध्या मिनिटाच्या आत, पाचही गोळ्या सोडून मोकळे होतात. थांबायचेच असेल तर काडतूस बाहेर ठेवून थांबावे. तापलेल्या चेंबरमध्ये ते पडून राहिले तर दारू तापते, गोळीचा वेग वाढतो आणि ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, उभा पसरतो. यांपैकी कोणत्याही पद्धतीत पडदा वाचायला सवड नाही.

तरीही मी ते विकणार नाही, कारण सरावात त्याने माझ्या फितींना भाषा दिली. म्हापशाच्या बाजारातल्या शिंप्याकडून सॅटिनच्या पट्ट्या शिवून घेऊन त्या बांबूच्या काठ्यांना बांधल्या, प्रत्येक काठीजवळ यंत्र घेऊन उभा राहिलो आणि कोणत्या वेगाला फीत किती उचलली जाते ते वहीत लिहिले. मृगजळाचेही, म्हणजे तापलेल्या जमिनीवर थरथरणाऱ्या हवेचेही, तसेच केले: दुर्बिणीतून ते सरळ वर उकळताना दिसले तर आडवा वारा जवळजवळ नाही, वाकले की आहे, आणि पूर्ण आडवे वाहू लागले की वेग आणखी वाढला तरी त्यावरून काही कळत नाही. चार-पाच रविवारांत हे काम उरकते. एका रेंजवरच्या चौघांनी मिळून एकच यंत्र घेतले तर पुरते. प्रत्येकाने चार आकडी रक्कम घालण्यापेक्षा उरलेले पैसे काडतुसांवर खर्च करावेत. नोंदीच्या गोळ्या सुरू झाल्या की माझे यंत्र आता पिशवीतच असते.