शव्हल नाइट, सात महिन्यांनंतर: आणि एका परीक्षणाशी माझं भांडण

‘शव्हल नाइट’ हा फावडं घेऊन लढणाऱ्या एका नाइटचा, म्हणजे चिलखतधारी योद्ध्याचा, जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम. तो घेण्याआधी मी त्याचं एक परीक्षण वाचलं होतं. लिहिणाऱ्याचा सूर असा की, लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारून ज्यांनी गेम खेळले, त्यांना हा आवडेल. बाकीच्यांनी वाटेला जाऊ नये. मी पहिल्या कळपातला. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत निन्टेन्डो या जपानी कंपनीचं टीव्हीला जोडायचं खरं गेम-यंत्र कुणीच पाहिलं नव्हतं. होतं ते नकली, आणि सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं ‘९९९९ गेम’. प्रत्यक्षात सात-आठ, तेच नावं बदलून फिरून फिरून यायचे. त्यामुळे परीक्षण वाचून मी उलट खूश झालो आणि सगळे भाग असलेली ‘ट्रेझर ट्रोव्ह’ आवृत्ती कॉम्प्युटरवर घेतली.

सात महिने झाले. साठेक तास खेळून झालेत. परवा तेच परीक्षण पुन्हा वाचलं आणि वाटलं, या माणसाने गेमचं नव्हे, स्वतःच्या बालपणाचं परीक्षण केलंय.

त्याचं पहिलं म्हणणं, हा गेम म्हणजे जुन्या ८-बिट गेमची, म्हणजे त्या निन्टेन्डो यंत्रावरच्या गेमची, हुबेहूब नक्कल. अजिबात नाही. यॉट क्लब गेम्सने २०१४ साली हा काढला, आणि जुन्या यंत्राचे नियम आपण कुठे कुठे मोडले हे त्यांच्यातल्याच डेव्हिड डी’अँजेलो यांनी तेव्हा सविस्तर लिहिलंही. जुन्या यंत्रावर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दिसायची. नववं आलं की चित्रं लुकलुकायला लागायची. आपल्याला वाटायचं टीव्ही बिघडला, आणि मग टीव्हीच्या डोक्यावर थाप. इथे काहीच लुकलुकत नाही. पडदा रुंद आहे, मागचे डोंगर वेगवेगळ्या गतीने सरकतात, रंगही मूळ यंत्रात नसलेले दोन-चार जास्तीचे घेतलेत. म्हणजे जुने गेम जसे होते तसा हा नाही, ते आपल्या आठवणीत जसे उरलेत तसा आहे. अस्सल जुना गेम आज लावून बघा, दहा मिनिटांत हात दुखतो आणि डोकंही.

संगीताला त्याने एका ओळीत ‘टुंग टुंग’ म्हणून निकालात काढलंय. जेक कॉफमन यांचं संगीत आहे, आणि दोन धून खुद्द मानामी मात्सुमाए यांच्या, म्हणजे ‘मेगा मॅन’ या गाजलेल्या जुन्या गेमच्या पहिल्या भागाच्या संगीतकार. यातला आवाज साध्या निन्टेन्डोचाही नाही. जपानमध्ये कोनामी काही कॅसेटमध्ये व्हीआरसी६ नावाची जास्तीची चिप बसवायची, तिने यंत्राच्या पाच आवाजांत आणखी तीन मिळायचे. तो थाट इथे आहे. हेडफोन लावून प्रॉपेलर नाइट या गेममधल्या शत्रूच्या उडत्या जहाजाची धून ऐका आणि मग टुंग टुंग म्हणा.

पण माझं खरं भांडण पुढच्या मुद्द्यावर आहे. त्याची तक्रार अशी की, गेममध्ये सोपं-अवघड निवडायची सोय नाही आणि मेलं की पैसे जातात, हा अन्याय.

सोय आहे. त्याला ती दिसली नाही, एवढंच.

माझी भाची अकरा वर्षांची. सुट्टीत आली होती. कॅसेट कशाशी खातात हे तिला माहीत नाही. वाटेत काचेचा गोळा लागतो, तो चेकपॉइंट. मेलात की तिथून पुन्हा सुरू. दुसऱ्याच टप्प्यात तिने विचारलं, “मामा, हा फोडू का?” मी नको नको म्हणेपर्यंत तिने फावडं हाणलं. गोळा फुटला, रत्नं उडाली, ती हरखली. आणि पुढच्या खड्ड्यात पडून पार मागे जाऊन उभी. तोंड एवढंसं झालं. पण तिसऱ्या दिवसापासून ती हिशोब करायला लागली: जीव किती उरलाय, पुढे काय येणार, हा गोळा फोडायचा की ठेवायचा. अवघडपणा मेन्यूत ठेवण्याऐवजी त्यांनी रस्त्यात ठेवलाय, आणि अवघड निवडलंत तर मोबदलाही मिळतो.

मेल्यावर पैसे जातात हेही अर्धवट. ते पंख फुटलेल्या थैल्या होऊन तुम्ही मेलात त्याच जागी तरंगत राहतात. परत जाऊन उचला. त्याआधी पुन्हा मेलात तर मात्र गेले. आता थैली नेमकी खड्ड्यावर तरंगत असते आणि तुम्ही तिच्यासाठी दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात जाता, तो भाग वेगळा. मी एका रात्री टिंकर नाइट या दुसऱ्या शत्रूच्या यंत्रांच्या मनोऱ्यात असे इतके पैसे घालवले की बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, कुणाशी बोलताय?

तक्रार करायचीच तर उलटी करायला हवी. अर्ध्यानंतर पैशाला काही किंमतच उरत नाही. चिलखतं घेऊन झाली, अवजारं घेऊन झाली, मग थैली गेली काय नि राहिली काय. त्यात फेज लॉकेट हे अवजार घेतलंत की क्षणभर काही लागतच नाही. काट्यांवरून चालत जा. हे सगळं खेळून पाहिल्यावर कळतं, दोन दिवसांत नाही.

फावडं खाली रोखून शत्रूच्या डोक्यावर टपटप उडायची युक्ती १९८९च्या डकटेल्स गेममधून आलीय, हे त्याने बरोबर हेरलंय. त्यात अंकल स्क्रूज आपल्या काठीवर असाच उडायचा. रविवारी दूरदर्शनवर डकटेल्सच्या कार्टूनमध्ये अंकल स्क्रूजला पाहिलेल्या पिढीला ती काठी लगेच आठवेल. पण आठवण नसलेल्यालाही ती उडी शिकवली जाते, तीही एक अक्षर न लिहिता. पहिल्याच टप्प्यात पायाखालचे ठोकळे फोडल्याशिवाय रस्ताच मिळत नाही. भाचीला मी काही सांगितलं नव्हतं. तिला ते अर्ध्या मिनिटात जमलं.

आणि स्वप्नं! यांचा त्याच्या परीक्षणात उल्लेखच नाही. काही टप्पे पार झाले की आपला नाइट शेकोटीशी झोपतो आणि त्याला त्याची हरवलेली जोडीदार शील्ड नाइट आकाशातून पडताना दिसते. सगळं संथ होतं. तुम्ही तिला झेलायला धावता. झेललंत काय, चुकलात काय, तो शेकोटीपाशी एकटाच जागा होतो. गुण नाहीत, बक्षीस नाही. भाची प्रत्येक वेळी तरीही जीव तोडून धावली.

आता कुरबुरी. ‘किंग ऑफ कार्ड्स’ या भागातला पत्त्यांचा डाव मला कंटाळवाणा वाटला, तो टाळता येतो, मी टाळला. पाण्याखालचा टप्पा संथ आहे. ज्या भागात प्लेग नाइट या दुसऱ्याच पात्राला घेऊन खेळायचं असतं, त्यात बॉम्ब फोडून उडायचं असतं, ते माझ्या बोटांना आजही नीट जमत नाही. माझ्या कंट्रोलरची काठी पाचव्या महिन्यात आपोआप डावीकडे सरकायला लागली, त्यात गेमचा दोष नाही. आता मी की-बोर्डवर खेळतो.

भाची तिच्या घरी गेली. काल तिचा फोन आला होता. प्लेग नाइटचा भाग संपवला म्हणे, आणि वाटेतले सगळे गोळे फोडून.