मुलीचं बी.एस्सी. झालं: कॉलेज चांगलं, शिकवणारी माणसं त्याहून चांगली, पण त्यांना आधी पूर्णवेळ करा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढायला आई-बाप येतात आणि हमखास विचारतात, "तुमच्या पोरीचं कॉलेज कसं होतं हो?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मुलीनं शहरातल्या एका अनुदानित कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते एका कॉलेजपुरतं नाही, आणि नाव घेतलं तर तिथल्या ज्या माणसांबद्दल मी लिहितेय त्यांनाच उद्या ऑफिसात बोलावून विचारतील.

चांगलं काय आहे ते आधी. इमारत जुनी, पण स्वच्छ. ग्रंथालय उत्तम, परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असायचं. मुलींसाठीची खोली, पिण्याचं पाणी, पार्किंग याबद्दल तक्रार नाही. फी परवडणारी. ऑफिसात शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी हेलपाटे मारावे लागतात, ते सगळीकडेच मारावे लागतात.

पण बी.एस्सी.ला पोरगी घालायची ती इमारत बघून घालत नाही कोणी. लॅबमध्ये तिच्या शेजारी कोण उभं राहतंय, हे बघायचं असतं.

पहिल्या वर्षी तिला प्रॅक्टिकलला ज्या मॅडम होत्या, त्यांच्याबद्दल आमच्या घरात रोज बोलणं व्हायचं. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून द्रव सोडत रंग बदलण्याचा क्षण पकडायचा प्रयोग, शिकवताना त्यांनी एकेका मुलीचा हात धरून दाखवलं होतं: डाव्या हातानं ब्युरेटचा नळ मागून धरायचा, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचा. शेवटी थेंब थेंब. रंग गडद गुलाबी झाला म्हणजे हात सुटला, परत पहिल्यापासून करायचं. फिकट गुलाबी यायला हवा आणि तो अर्धा मिनिट टिकायला हवा. मुलगी घरी चहाच्या कपावर मला ते करून दाखवायची. वर्गातल्या बऱ्याच मुली कागल, राधानगरीकडच्या. शाळेत ब्युरेट हातात न घेतलेल्या. त्यांच्या जर्नलमध्ये मॅडम लाल पेननं नुसती सही करायच्या नाहीत, चूक कुठे झाली ते लिहायच्या. जर्नलं बाइंडिंगला माझ्याकडेच यायची, म्हणून मी ती चाळलेली आहेत.

या मॅडम पीएच.डी. झालेल्या. सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पास. त्यांचा प्रबंध माझ्याच दुकानात बांधला होता, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं. आणि कॉलेजात त्यांची नेमणूक होती सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास घ्याल तेवढ्याचे पैसे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी हिशोब मांडते, कारण मलाही तो दुकानात त्यांची बिलं टाइप करतानाच कळला. राज्य सरकारनं २०२२ मध्ये दर वाढवले, तेव्हा पदवीच्या एका व्याख्यानाला ९०० रुपये आणि पदव्युत्तरला १,००० रुपये ठरले. प्रॅक्टिकलचा दर त्याहून बराच कमी. आठवड्याला साधारण ९ तासांपर्यंतच काम देतात, म्हणजे अर्ध्या पदाचं. नऊच्या नऊ व्याख्यानं धरली, एकही बुडलं नाही असं धरलं, तरी आठवड्याचे ८,१०० आणि चार आठवड्यांचे ३२,४०० होतात. प्रत्यक्षात हा आकडा कधीच येत नाही. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, उन्हाळा, यातल्या कशाचेच पैसे नाहीत. पेपर काढणं, पेपर तपासणं, नोट्स तयार करणं, मुलींच्या शंका सोडवणं हे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याच विभागात, त्याच पदव्या घेऊन कायम झालेल्या सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. वर महागाई भत्ता, घरभाडं, रजा. त्यांना मिळतं ते योग्यच आहे, त्यात एक रुपया कमी व्हावा असं मी म्हणत नाही. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या बाईला इतकं कमी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि कोल्हापुरात आणखी एक गोष्ट होते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. रस्ते बंद होतात, शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते. कायम शिक्षकाचा पगार त्या सुट्टीत थांबत नाही, थांबूही नये. सीएचबीवाल्यांचे तेवढे तास बिलातून जातात. एका जुलैत मॅडम दुकानात आल्या होत्या, मोबाइलवर पाण्याची पातळी बघत होत्या. मला वाटलं गावाकडं घर पाण्यात आहे. म्हणाल्या, "घर उंचावर आहे ताई, या आठवड्यात एकही तास होणार नाही म्हणून बघतेय." मला त्यावर काय बोलावं कळेना.

बिलाची तऱ्हा तर जवळून बघितल्याशिवाय पटत नाही. तारीख, वर्ग, वेळ, घटक, प्रत्येक तासाची एक ओळ. विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग पुढे मंजुरी. एखाद्या ओळीत वेळापत्रकाशी मेळ बसला नाही तर बिल परत. "ताई, जरा तपासून काढा, मागच्या वेळी एका तारखेवरून परत आलं," असं म्हणत एम.एस्सी., पीएच.डी. झालेली माणसं माझ्या काउंटरवर उभी असतात. आणि पैसे दर महिन्याला येत नाहीत. चार-चार महिने, कधी वर्ष संपेपर्यंत थांबतात. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं, पण नेमणुकीची ऑर्डर हातात पडेपर्यंत गणपती येतात. तोपर्यंत जे शिकवतात ते ऑर्डर येईल या भरवशावर शिकवतात. भाडं, पेट्रोल, मुलांची फी मात्र दर महिन्याला लागते. म्हणून सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी क्लासला, अशी धावपळ.

याचा विद्यार्थ्यांना काय तोटा, असं एका पालकानं मला विचारलं. सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मॅडम आल्याच नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांना तपासणी प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, महिन्याला ठरलेला पगार, ठरलेल्या तारखेला. मला आनंद झाला आणि त्याच वेळी पोटात गोळा आला. सेंद्रिय रसायनाचा पेपर अर्ध्यावर राहिला. काही आठवडे कोणीच नाही. मग एक सर आले, हुशार होते, पण त्यांना उरलेल्या दिवसांत अभ्यासक्रम संपवायचा होता, त्यामुळे अभिक्रिया कशी घडते ते समजावून सांगणं सोडून नुसत्या अभिक्रिया पाठ करून घेतल्या. तेही वर्षअखेर गेले. तिसऱ्या वर्षाला मुलीला एम.एस्सी.च्या एका प्रवेशासाठी शिफारसपत्र हवं होतं. तिला ओळखणारं कोण? ज्यांनी तिचा हात धरून टायट्रेशन शिकवलं त्या कॉलेजात नाहीत. कायम असलेल्या दोन सरांनी पत्र दिलं, पण तिची बुद्धी, तिची मेहनत त्यांनी जवळून बघितलेलीच नव्हती.

या दोन सरांबद्दलही लिहायला हवं. विभागात मंजूर पदं पाच, भरलेली दोन. दोघंही मनापासून शिकवणारे. पण नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जा-तपासणीची, फाइल त्यांच्याकडे, प्रवेश समिती त्यांच्याकडे, परीक्षेचं काम त्यांच्याकडे. सही करण्याचा अधिकार कायम माणसालाच, म्हणून पाच माणसांची कागदपत्रं दोघांच्या टेबलावर. वर्ग घ्यायचा सोडून सर ऑफिसात, असं मुलगी सांगायची. पूर्णवेळ माणसं कमी असली की जी आहेत तीही वर्गात उरत नाहीत.

आता २०२४ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलंय. चार वर्षांची ऑनर्स पदवी, संशोधन प्रकल्प, इंटर्नशिप. कागदावर मला हे सगळं आवडलं. पण चौथ्या वर्षी प्रकल्पाला मार्गदर्शन करणारा माणूस पहिल्या वर्षापासून त्याच विभागात असायला नको का?

पालक मेळाव्यात मी हे उभं राहून विचारलं. आधी व्यासपीठावरून शाहू महाराजांचा वारसा सांगितला गेला होता. सांगायलाच हवा. १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, मुलांसाठी वसतिगृहं निघाली, त्यावर आपण सगळे उभे आहोत. म्हणूनच मी विचारलं की महाराजांच्या गावात शिकवणाऱ्याला चार महिने पगार का नाही. प्राचार्य रागावले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगते. म्हणाले, "अनुदानित पद आम्हाला मनानं भरता येत नाही. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याची यादी, तपासून हवी, शासनाची ना हरकत हवी, मग जाहिरात, मग विद्यापीठाची निवड समिती." खरं आहे ते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यानं २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मंजुरी दिली होती, तेव्हाही आमच्याकडं अर्ज टाइप करायला रांग लागली होती. एकाच जागेसाठी अर्ज करणारे दहा-बारा जण तर मी एकटीनं पाहिले, आणि ते सगळे कुठे ना कुठे तासावर शिकवत होते. पद भरण्याची मुख्य जबाबदारी सरकारची आहे, आणि ती सरकारकडंच मागायला हवी.

पण सगळं सरकारवर ढकलून कॉलेज मोकळं होत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तरच कराव्यात, एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, आणि अशा शिक्षकाचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. तासावर नेमलं की हा नियम बाजूला पडतो. त्याच यूजीसीनं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सांगितला. तो आणि ९०० यातला फरक बघा. तो भरून काढायची काही कॉलेजांची ऐपत नसेल, मला मान्य आहे. पण विनाअनुदानित तुकड्यांची फी घेणाऱ्या, दरवर्षी नवं प्रवेशद्वार आणि नवं सभागृह बांधणाऱ्या संस्थेला निदान एवढं जमतं: अनुदान यायची वाट न बघता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या निधीतून पैसे द्यायचे आणि मंजुरी आली की वळते करून घ्यायचे. पुरामुळं बुडालेले तास नंतर भरून काढू द्यायचे आणि त्याचे पैसे द्यायचे. सोडून जाणाऱ्याला अनुभवाचा दाखला न मागता द्यायचा, कारण त्याशिवाय पुढच्या मुलाखतीत ती वर्षं मोजलीच जात नाहीत. बाळंतपणाला सुट्टी घेतलेल्या बाईची जागा परत तिलाच द्यायची. यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

गुण द्यायचे तर ग्रंथालयाला पाचपैकी पाच. शिक्षकांना, कायम आणि सीएचबी दोघांनाही, पाचपैकी पाच. संस्था आपल्या शिक्षकांना जसं वागवते त्याला दोन, आणि तेही प्राचार्यांनी प्रश्न ऐकून घेतला म्हणून.

प्रवेश घेताना फी आणि निकालाची टक्केवारी विचारता, तसं हेही विचारा: या विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, पहिल्या वर्षाला शिकवणारं माणूस तिसऱ्या वर्षाला असेल का, आणि तासावर असलेल्यांचा पगार शेवटचा कधी झाला. ऑफिसातला माणूस गडबडेल. विचाराच. दहा पालकांनी एकाच आठवड्यात हे विचारलं तर संस्थेच्या बैठकीत विषय निघतो, हे मेळाव्यानंतर मी बघितलंय. त्या वर्षीच्या दिवाळीआधी थकलेल्या बिलांपैकी दोन महिन्यांची रक्कम संस्थेनं स्वतःच्या निधीतून दिली.

रिक्त पदं भरावीत आणि तासिकेचा दर यूजीसीच्या बरोबरीला आणावा, असं एक निवेदन मी उच्च शिक्षण विभागासाठी टाइप करून ठेवलंय. एका पानाचं आहे, मराठीत. त्यात आपल्या मुलांच्या कॉलेजचं नाव आणि विभागातल्या रिकाम्या जागांचा आकडा घालायला मोकळी जागा सोडली आहे. ज्या पालकांना सही करून आपापल्या कॉलेजकडून पाठवायचंय त्यांनी प्रत घेऊन जावी. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.