टेस्टडिस्क की फोटोरेक? डिलीट झालेल्या फायलींसाठी काय वापरावं

शिफ्ट-डिलीट दाबून अख्खं फोल्डर उडवलेल्या मैत्रिणीने विचारलं, टेस्टडिस्क आणि फोटोरेक या फायली परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी कोणतं वापरू? आधी एक कळकळीची विनंती: त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. सॉफ्टवेअरही तिथे उतरवू नका, आणि सापडलेल्या फायली दुसऱ्याच डिस्कवर ठेवा.

खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही मोफत आहेत. खरा फरक शोधण्याच्या पद्धतीत आहे. टेस्टडिस्क फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदवहीच्या, नोंदी वाचतं. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये) फाइल डिलीट केली की तिची नोंद फक्त 'रिकामी' म्हणून खुणावली जाते. ती नोंद शाबूत असेल तर नाव, तारीख, फोल्डर सगळं परत मिळतं. फोटोरेक या नोंदींकडे बघतच नाही. जेपीईजीची सुरुवात एफएफ डी८ एफएफ या बाइट्सनी होते, तशा खुणा ते डिस्कभर हुडकतं. म्हणून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरही ते चालतं. पण हाती येतात एफ००१२३४५.जेपीजी असल्या नावांच्या शेकडो फायली, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेली मोठी फाइल बरेचदा अर्धवट निघते.

कष्टाचं म्हणाल तर टेस्टडिस्कची नुसत्या अक्षरांची काळी खिडकी बिचकवते, तरी काम मिनिटांत होतं. फोटोरेकला तास लागतात, वर निवडानिवड वेगळी.

एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेल्या फायलींची जागा आपोआप मोकळी करणारी सोय) चालू असेल तर दोन्हींकडून फारशी आशा नको.

नुकतंच डिलीट केलेलं फोल्डर नावांसकट हवं असेल तर टेस्टडिस्क. फॉरमॅट झालेलं मेमरी कार्ड किंवा बिघडलेली फाइल सिस्टिम असेल तर फोटोरेक. डिस्क खडखडत असेल तर दोन्ही नको. ती बंद करून तज्ज्ञाकडे द्या.