ऑटोरोटेशनचा सराव: हॉवरमध्ये थांबायचं की जमिनीला टेकवायचं?

अमेरिकेत हेलिकॉप्टरचं लायसन्स घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडतो. ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवून उतरणं. त्याचा सराव करताना शेवटी पॉवर परत घेऊन जमिनीपासून काही फुटांवर हॉवरमध्ये (हवेत एका जागी स्थिर) थांबायचं, की इंजिनाची मदत न घेता स्किड (हेलिकॉप्टर ज्यांवर टेकतं त्या खालच्या आडव्या नळ्या) थेट जमिनीला टेकवायचे? पहिली पद्धत म्हणजे पॉवर रिकव्हरी, दुसरी टचडाऊन. प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेला पहिली पुरते, त्यामुळे दुसरीवर पैसे घालायचे का ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

बहुतेक काम दोन्हींत एकच आहे. रॉबिन्सन आर-२२ या लहान हेलिकॉप्टरमध्ये कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) ताबडतोब खाली, वेग ६५ नॉट, सुमारे ४० फुटांवर फ्लेअर (नाक वर उचलून वेग कमी करणं), ८ फुटांच्या आसपास हेलिकॉप्टर समांतर. फरक त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांचा. टचडाऊनमध्ये पात्यांत साठलेली ताकद कलेक्टिव्ह वर घेत खर्च करायची असते आणि ती एकदाच मिळते. लवकर ओढलं तर वरूनच आदळता, उशीर झाला तर जोरात टेकता. नाक सरळ आणि स्किड समांतर नसतील तर उलटण्याचा धोका.

आर-२२ चं रोटर (पात्यांचा फिरता संच) हलकं आहे, त्यात ताकद कमी साठते, म्हणून ही चूक सावरायला तिथे फारच कमी वाव मिळतो. बेल २०६ या मोठ्या हेलिकॉप्टरचं जड रोटर खूप जास्त क्षमाशील, पण तासाचा दरही तितकाच चढा. शिवाय टचडाऊनमध्ये स्किडचे शूज (तळाच्या झिजपट्ट्या) जमिनीनुसार भराभर झिजतात, त्यामुळे ते वारंवार तपासावे लागतात. आर-२२ च्या पुस्तिकेतच तशी सूचना आहे.

पॉवर रिकव्हरीही निर्धोक नाही, हे विद्यार्थी विसरतात. थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) आणि पेडलचा (नाक सरळ ठेवणाऱ्या) मेळ चुकला की नाक फिरतं, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) मर्यादेबाहेर जातं. रॉबिन्सन कंपनीची सुरक्षा सूचना क्रमांक ३८ तर सरावातल्या ऑटोरोटेशनमुळे होणाऱ्या अपघातांवरच आहे. तिच्यातला नियम मला फार मोलाचा वाटतो: १०० फुटांपर्यंत वळणं पूर्ण झालेली, वेग ६० ते ७० नॉट, आरपीएम मापकावरच्या हिरव्या (सुरक्षित) पट्ट्याच्या मध्यावर आणि उतरण्याचा वेग साधारण मिनिटाला १५०० फुटांच्या आत. यातली एक गोष्ट जरी नसली तरी लगेच पॉवर घ्यायची.

माझं मत स्पष्ट आहे. प्रायव्हेटच्या टप्प्यावर पैसे सुरुवातीच्या प्रतिसादावर घाला. इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली जायला उशीर झाला, आरपीएम कोसळलं, तर पुढचं काहीच उरत नाही. शेवटच्या आठ फुटांत चूक झाली तर बहुधा हेलिकॉप्टरचं नुकसान होतं, माणसं वाचण्याची शक्यता मोठी असते. सुरुवातीची चूक मात्र जीवघेणी ठरते.

इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. उद्या शेजारच्या सीटवरच्या विद्यार्थ्याची चूक तुम्हालाच जमिनीपर्यंत सावरायची आहे. तेव्हा टचडाऊन शिकाच, पण रोज तेच शिकवणाऱ्या माणसाकडून, शक्यतो जड रोटरच्या हेलिकॉप्टरवर. आर-२२ वरच करायचं तर समोरून बऱ्यापैकी वारा असलेला दिवस निवडा. वारा नसेल तर जमिनीवरून सरकायचं अंतर वाढतं, त्या दिवशी पॉवर रिकव्हरीच करा.